चीज दाबण्यासाठी लाकडी तरफ

घरी कडक चीज करू लागल्यावर दूध, विरजण, रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) आणि तापमान यांचा मेळ काही काळाने हाताला बसतो. अडते ते दाबण्यापाशी. साच्यावर पाण्याने भरलेली भांडी एकावर एक रचून सुरुवात करता येते, पण चीज एका बाजूने खचले की ती रास कलते, आणि दाब नेमका किती पडला हे शेवटपर्यंत कळत नाही. स्क्रू आवळून दाबणाऱ्या प्रेसची अडचण वेगळी आहे. आवळताक्षणी दाब भरपूर असतो, परंतु व्हे, म्हणजे चीजमधून सुटणारे पाणी, निथळून चीज दोन-चार मिलिमीटर बसले की तो झपाट्याने उतरतो आणि पुन्हा आवळेपर्यंत साचा नुसता उभा राहतो. तरफेवर टांगलेले वजन मात्र चीजच्या मागोमाग खाली येत राहते. या एका गुणासाठी मी लाकडी तरफेचा प्रेस बनवला, आणि तो बनवताना सुतारकामाइतकाच वेळ हिशेबाला दिला. तो वेळ वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

शाळेत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ इथे जशीच्या तशी कामाला येते: एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला वजन आणि मध्ये साच्यावर टेकणारा दट्ट्या. माझ्या प्रेसमध्ये टेकूच्या खिळीपासून दट्ट्या २० सेंटिमीटरवर आणि वजनाची खाच ८० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे टांगलेले वजन चौपट होऊन चीजवर पडते; ५ किलो टांगले की २० किलो. पण हिशेब इथे संपत नाही. दांडा ९० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर उंच आणि ४ सेंटिमीटर जाड आहे व बीचच्या लाकडात त्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. हे वजन दांड्याच्या मध्यावर, म्हणजे टेकूपासून ४५ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर केवळ दांड्यामुळे साच्यावर सुमारे ३.४ किलो भार येतो. त्यात दट्ट्याचे अर्धा किलो मिळवा. काहीही न टांगता जवळजवळ ४ किलो आणि ५ किलो टांगल्यावर २४ किलो, असा खरा आकडा निघतो. पहिल्या, हलक्या दाबाच्या वेळी हे ४ किलो फार महत्त्वाचे असतात.

पाककृतींमध्ये ‘२० किलो दाब द्या’ असे सरळ लिहिलेले असते, आणि साच्याचा व्यास दिलेला नसेल तर त्या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या साच्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर असते. १० सेंटिमीटरच्या साच्याचे ७८.५. तेच २४ किलो मोठ्या साच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३५ ग्रॅम दाब देतात आणि लहान साच्यात सुमारे ३०५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन पट. म्हणून मी वहीत किलोंचा आकडा न लिहिता दर चौरस सेंटिमीटरचा दाब लिहितो. साचा बदलला तरी मागचा अनुभव त्यामुळे उपयोगी पडतो.

लाकूड निवडताना ते घट्ट आणि बिनवासाचे असावे. बीच आणि मेपल दोन्ही चांगले. पाइनला राळेचा वास असतो आणि ते मऊ असल्यामुळे खिळीच्या भोकाशी दबते. ओक मजबूत असला तरी त्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी आणि ओलाव्याशी संबंध आला की काळे डाग पडतात. व्हे आंबट असते, बऱ्याचदा खारटही. तेव्हा बोल्ट, वॉशर आणि खिळी स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) किंवा साधे प्लायवूड ओलाव्याने फुगते, त्याचा विचारही करू नये. दांडा बसवताना त्याची रुंद बाजू उभी ठेवावी, कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दट्ट्याच्या जागी दांड्यावर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे लाकडाची गाठ नको, आणि भोक पाडायचे तर ते उंचीच्या बरोबर मध्यावर.

टेकूची खीळ धरणाऱ्या खांबाकडे पाहताना बहुतेकांची कल्पना उलटी असते. खांबावर वरून भार येतो असे वाटते. प्रत्यक्षात चीज दट्ट्याला वर ढकलते आणि टेकूची खीळ खांबाला वर खेचते. ५ किलो टांगलेले असताना ही ओढ सुमारे १७ किलोंची होते. त्यामुळे तळफळीवर खांब नुसता चिकटवून किंवा खालून दोन स्क्रू मारून भागत नाही, कारण स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरले की त्यांची पकड कमी असते. मी तळफळीत आरपार खाच पाडून खांबाचे टोक तीत बसवले आणि बाजूने आडवी खुंटी ठोकली. ओढ वाढली की ती खुंटीच भार घेते. वजन तळफळीच्या बरेच बाहेर लोंबकळत असल्यामुळे सगळा सांगाडा पुढे उलटू शकतो, तेव्हा मागच्या बाजूने तो टेबलाला क्लॅम्पने पक्का धरावा.

दट्ट्या नेहमी सरळ खाली गेला पाहिजे. तो तिरका टेकला तर चीजची एक कड पातळ होते आणि साच्यावरची चकती अडकून बसते. त्यासाठी दट्ट्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या चौकोनी खाचेतून सरकतो, आणि दांड्यातले त्याच्या खिळीचे भोक लांबट आहे. दांडा आडव्या रेषेपासून १० अंश वर किंवा खाली असेपर्यंत खीळ त्या भोकात फक्त ३ मिलिमीटर सरकते व दाबात दीड टक्क्याचा फरक पडतो. २५ अंशांवर मात्र ती २ सेंटिमीटर सरकू पाहते आणि दट्ट्या आवळतो. म्हणून दट्ट्याला अडीच-अडीच सेंटिमीटरवर भोके पाडून ठेवली आहेत. चीज बसत गेले की खीळ वरच्या भोकात घालायची आणि दांडा पुन्हा आडव्याच्या किंचित वर आणायचा. सरकणाऱ्या प्रत्येक जागी मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळीक ठेवावी, कारण ओलाव्याने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरडे असताना गुळगुळीत सरकणारा दट्ट्या व्हेच्या वाफेत घट्ट होतो.

जोडणी झाल्यावर हिशेब पडताळावा. साच्याच्या जागी वजनकाटा ठेवून त्यावर ठोकळा ठेवला आणि दट्ट्या टेकवला की आकडा समोर येतो. वजन म्हणून पाण्याची बाटली उत्तम: १ लीटर म्हणजे १ किलो, आणि पाणी कमी-जास्त करून हवा तो दाब मिळतो. काट्यावरचा आकडा कागदावरच्यापेक्षा बराच कमी आला तर दट्ट्या कुठेतरी घासतो आहे असे समजावे आणि ती जागा पॉलिश पेपरने मोकळी करावी.

प्रत्यक्ष दाबताना घाई नडते. सुरुवातीलाच जास्त वजन टांगले तर बाहेरचा थर बंद होतो आणि आतले व्हे आतच कोंडते. पुढे मुरवताना असे चीज आंबट निघते. पहिला अर्धा तास मी बाटली टांगतच नाही. साच्यात चीजभोवती गुंडाळलेल्या फडक्याच्या सुरकुत्यांशी पांढुरके थेंब जमतात, एकमेकांत मिसळून साच्याच्या भोकांतून खाली येतात. त्यांची धार न लागता थेंब-थेंब पडत राहावेत. मग चीज काढून उलटायचे, फडके ताणून नव्याने गुंडाळायचे आणि वजन वाढवायचे. गौडाला मध्यम दाब पुरतो. चेडरचे कर्ड (दुधाचा गोठलेला भाग) चिरून, मीठ लावून साच्यात जाते, त्याचे तुकडे सहज एकजीव होत नाहीत, म्हणून त्याला बराच जास्त दाब आणि रात्रभराचा वेळ लागतो. पृष्ठभागावर भेगा राहिल्या तर बुरशी त्यांतूनच आत शिरते.

काम झाल्यावर प्रेस गरम पाण्याने ब्रशने घासून घ्यावा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. कडक उन्हात लाकूड तडकते. पूर्ण वाळल्यावर खाद्य दर्जाचे मिनरल ऑइल चोळावे. स्वयंपाकाचे तेल काही आठवड्यांत खवट आणि चिकट होते, आणि तो वास पुढच्या चीजला लागतो. साच्याला टेकणारी चकती मी मुद्दाम लाकडाची केली नाही. ती जाड पॉलिथिलिनची आहे आणि साच्यापेक्षा व्यासाने २ मिलिमीटर लहान, म्हणजे ती उकळत्या पाण्यात बुडवता येते व कडेने कर्ड वर येत नाही.