लहान उड्यांची टेकडी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतराजीत, स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचे एक गाव आहे. लोकवस्ती तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपुरातील एका प्रभागाहूनही पुष्कळ कमी. तरीही या गावाशी नाते सांगणारे नव्वदहून अधिक खेळाडू हिवाळी ऑलिंपिकपर्यंत पोहोचले आहेत आणि त्यांतील कित्येक जण गावाला लागूनच असलेल्या हॉवेलसेन हिल या टेकडीवर घडले आहेत. पायांना स्की म्हणजे लांब, चपट्या पट्ट्या बांधून बर्फाळ उतारावरून घसरत येऊन दूरवर उडी घेण्याच्या खेळाचे, म्हणजे स्की जंपिंगचे, थेट प्रक्षेपण पाहता पाहता मला या खेळाची गोडी लागली आणि या टेकडीचा इतिहास मी मिळेल तसा वाचत गेलो. बर्फ कधीच न पडणाऱ्या शहरातल्या माणसालाही त्यातून घेण्यासारखे खूप आहे, असे मला मनापासून वाटते.

टेकडीला ज्याचे नाव आहे तो कार्ल हॉवेलसेन नॉर्वेच्या क्रिस्तियानियाचा, म्हणजे आजच्या ऑस्लोचा. ऑस्लोतील होल्मेनकोलेनच्या प्रतिष्ठेच्या स्की स्पर्धेत १९०३ साली विजय मिळवलेला हा खेळाडू १९०५ मध्ये अमेरिकेत आला, तेथे गवंडीकाम करू लागला आणि १९०७ मध्ये बार्नम अँड बेली सर्कशीत बर्फाविना उतारावरून उड्या मारून दाखवू लागला. पुढे तो कोलोरॅडोत स्थिरावला. स्टीमबोट स्प्रिंग्जमध्ये त्याच्या पुढाकाराने १९१४ साली पहिला हिवाळी उत्सव भरला, पुढच्याच वर्षी आजच्या टेकडीवर उडीचा उतार तयार झाला आणि १९१७ मध्ये टेकडीला त्याचे नाव मिळाले. त्याच वर्षी हेन्री हॉल याने येथे २०३ फुटांची, म्हणजे सुमारे ६२ मीटरची, विक्रमी उडी घेतली. हॉवेलसेन १९२०च्या दशकाच्या आरंभी मायदेशी गेला तो पुन्हा परतला नाही. टेकडी मात्र चालू राहिली. उत्तर अमेरिकेत अखंड सुरू असलेले सर्वांत जुने स्की केंद्र म्हणून आज ती ओळखली जाते, आणि तिची मालकी नगरपालिकेकडे आहे.

माणूस गेल्यावर संस्था का टिकली, याचे उत्तर मला टेकडीच्या रचनेत दिसते. तेथे उडीचा एकच मोठा उतार नाही. दहा मीटर लांबीच्या उडीपासून शंभर मीटरच्या उडीपर्यंतचे उतार एकाच टेकडीवर शेजारी शेजारी आहेत. वरच्या टोकाला एक आडवा दांडा असतो. खेळाडू त्यावर बसतो, दोन्ही स्की समोरच्या खाचांत ठेवतो आणि प्रशिक्षकाचा झेंडा खाली येताच दांडा सोडून, गुडघे मुडपून, हात मागे घेऊन निघतो. घसरणीच्या खालच्या टोकाला पोहोचताच, क्षणाचाही उशीर न करता, त्याला ताठ उसळी घ्यावी लागते. खालचा उतार उड्डाणाच्या वाटेसारखाच वाकवलेला असल्यामुळे मोठ्या उडीतसुद्धा तो जमिनीपासून काही मीटरच वर असतो आणि उतरताना बसणारा धक्का उताराच्या दिशेने विरून जातो. ही रचना लहान उडीतही तीच असते. म्हणून सात-आठ वर्षांचे मूल साध्या स्कीवर जे शिकते, तेच पुढे ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगात त्याच्या कामी येते. शिवाय शेजारच्या उतारावरून ऑलिंपिकपटू उडी घेताना त्याला रोज दिसतो. हे शिक्षण कोणत्याही पुस्तकी अभ्यासक्रमात बसणारे नाही.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये, उडी आणि बर्फावरची लांब पल्ल्याची स्की शर्यत एकत्र असलेल्या नॉर्डिक कम्बाइन्ड प्रकारात, याच गावच्या जॉनी स्पिलेन याने तीन रौप्यपदके मिळवली. त्यांपैकी सांघिक पदकात गावचाच टॉड लॉडविक त्याच्या सोबत होता. लॉडविक एकूण सहा ऑलिंपिक खेळला.

१९१४ हे साल विदर्भालाही परिचित आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याच वर्षी सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे मल्लखांबासह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तेथेही शिकणारी लहान मुले आणि पारंगत खेळाडू एकाच आवारात वावरत आले आहेत. नागपुरात माझी मुलगी ज्या मैदानावर मल्लखांब शिकायला जाई, तेथे मात्र मोठ्यांसाठी पुरलेला एकच खांब होता. एरंडेल लावलेल्या त्या सागवानी खांबाला मिठी मारायला तिचे हात पुरत नसत आणि पहिली पकड शिकण्याऐवजी ती बराच वेळ नुसती रांगेत उभी असे. पालकांनी वर्गणी काढून एक बारीक, बुटका खांब पुरवून घेतला, तेव्हा कुठे लहानांचा वर्ग खऱ्या अर्थाने सुरू झाला.

बर्फाची अडचणही दूर करता येते, हे पूर्व जर्मनीतील ओबरहोफच्या हान्स रेनर यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले. प्लास्टिकच्या तंतूंच्या चटया कौलांप्रमाणे एकीवर एक रचून, त्यांवर पाणी मारून त्यांनी उन्हाळ्यातही उडीचा सराव शक्य केला. हॉवेलसेन हिलवरही आता अशा चटयांवर उन्हाळी उड्या होतात. टेकडीची माती घसरते, दुरुस्तीचा खर्च मोठा असतो आणि तो नगरपालिकेला पुन्हा पुन्हा करावा लागतो. आपल्याकडे नव्या क्रीडासंकुलाची चर्चा निघाली की प्रेक्षकांच्या आसनसंख्येवरच ती बराच काळ रेंगाळते. त्या आराखड्यात सात वर्षांच्या मुलासाठी कोणती जागा आणि कोणते साहित्य ठेवले आहे, हे मी यापुढे प्रत्येक वेळी विचारणार आहे.