तुम्ही विचारलंत म्हणून: गोठलेलं तळं, काळीज आणि लोशचा मासा

घरी फोन केला की मावशी विचारते, कॉलेजच्या ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतं, सुट्टीला कोल्हापूरला आले की शेजारच्या काकूसुद्धा विचारतात. प्रश्न ठरलेला असतो: "मायनस चाळीसमध्ये तुम्ही राहता तरी कसे, तळ्यावरून गाड्या कशा काय जातात, आणि तू खरंच त्या रानातल्या जनावरांचं काळीज-बिळीज खातेस?" फोनवर दोन वाक्यांत सांगून समाधान होत नाही, माझंही नाही आणि विचारणाऱ्याचंही नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये यलोनाइफला राहते. वीसेक हजार वस्तीचं गाव, पण राजधानी हीच, एडमंटनहून विमानाने साधारण पावणेदोन तास. गाव ज्याच्या काठावर आहे ते ग्रेट स्लेव्ह लेक, त्याला तळं म्हणायचं म्हणजे आपला अख्खा नगर जिल्हा आत ठेवला तरी वर जागा उरेल एवढं ते आहे, आणि खोली 614 मीटर, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल. डिसेंबरमध्ये सूर्य सकाळी दहानंतर उगवतो आणि दुपारी तीनला मावळतो. शाळा बंद होत नाहीत, ऑफिसं बंद होत नाहीत, फक्त गाडी रात्रभर विजेच्या प्लगला लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. थंडीबद्दल मला खरं तर एवढंच सांगायचंय. चांगले बूट, चांगला कोट, आणि कापसाचं काही अंगाला लागू द्यायचं नाही, कारण ओला कापूस वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो.

आता तळ्याचं. इथे हिवाळ्यात जग बंद होतं अशी तिकडे सगळ्यांची समजूत, पण असतं बरोब्बर उलटं. उन्हाळ्यात इकडची जमीन म्हणजे खडक, दलदल आणि पाणी, सरळ चालत कुठे जाताच येत नाही. बर्फ धरला की सगळीकडे रस्ते होतात. समोरच्या काठावर डेट्टा म्हणून डेने लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव आहे, जमिनीवरून जायचं तर सत्तावीस किलोमीटरचा वळसा, पण तळ्यावरून साडेसहा किलोमीटर. साधारण डिसेंबरच्या शेवटी तो रस्ता उघडतात आणि एप्रिलमध्ये बंद करतात, आणि तेवढे महिने लोक त्यावरून कामाला येतात, भाजी न्यायला येतात, पोरांना हॉकीला सोडतात. खाडीत रंगीत हाउसबोटी आहेत, त्यांच्या दारापर्यंत गाड्या जातात. (त्यांचे खरे हाल बर्फ धरताना आणि सुटताना होतात, ना होडी चालत ना पाय ठेवता येत, तेव्हा काही जण एक पाय होडीत आणि एक पाय बर्फावर असं ढकलत काठाला येतात.)

बर्फ माणसाचं वजन कसं पेलतो, हे विचारणाऱ्याला मी आधी हे सांगते की तळं तळापर्यंत गोठत नाही. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, ते खाली जातं, त्याहून थंड झालेलं वर राहतं आणि तेच गोठतं, बर्फ हलका म्हणून तरंगतो, आणि खाली मासे हिवाळाभर जिवंत. स्वच्छ काळसर-निळा बर्फ दहा सेंटीमीटर असला की माणूस चालू शकतो, गाडीला तीस-चाळीस लागतो, आणि मार्चपर्यंत खाडीत तो मीटरभर होतो. पांढरट, हिम आणि पाण्याच्या लगद्यातून गोठलेला असेल तर त्याच्यात तेवढी ताकद नसते, जाडी जास्त हवी. आणि बर्फाचा खरा शत्रू म्हणजे वर पडलेला स्नो, तो गोधडी पांघरावी तसा बसतो आणि खालचा बर्फ वाढूच देत नाही, म्हणून रस्ता करणारे सारखा स्नो बाजूला सारत असतात, कुठे कुठे वरून पाणी सोडून जाडी वाढवतात.

हळू चालवायचं कारण मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडीच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट तयार होते, गाडीबरोबर तीही पळते. वेग चुकला की ती लाट काठाजवळ उथळ पाण्यात आपटते आणि बर्फ फोडते. इथून उत्तरेला हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा टिबिट ते कॉन्टवोयटो हा हिवाळी रस्ता आहे, 1982 पासून दरवर्षी नव्याने बांधतात, बहुतेक सगळा तळ्यांवरून जातो, आणि त्यावर भरलेल्या ट्रकांना ताशी पंचवीस किलोमीटरची मर्यादा असते. दोन महिने मिळतात, तेवढ्यात खाणींचं वर्षभराचं डिझेल आणि सिमेंट पोचवायचं. हिवाळा उशिरा आला की त्या लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि अलीकडे तो उशिराच येतोय.

बर्फ आवाज करतो हेही सांगायला हवं. रात्री थंडी वाढली की लांबून ढगात गडगडावं तसं येतं आणि पायाखालून निघून जातं. नवीन माणूस घाबरतो, पण बर्फ आवळतोय, वाढतोय, म्हणून तो बोलतो. भीती वाटायला हवी ती गप्प, स्नोखाली झाकलेल्या बर्फाची, जिथे प्रवाह आहे तिथली, नदीच्या तोंडाची. आमच्या ओळखीची एक डेने आजी आहे, तिचं वाक्य असतं की बर्फ कालचा धरायचा नाही, आज तपासायचा. तिचा मुलगा हातातल्या लोखंडी पहारीने पुढे ठोकत ठोकत चालतो, आवाजावरून त्याला कळतं.

त्यांच्याबरोबरच मी पहिल्यांदा बर्फाखाली जाळं टाकताना पाहिलं. जाळं पाण्यात तर टाकायचंय, पण वर मीटरभर बर्फ, मग पसरायचं कसं? त्यासाठी एक साधं लाकडी यंत्र असतं, जिगर म्हणतात. एक लांब फळी, तिला मधोमध खाच, खाचेत लोखंडी दांड्याची तरफ. एक मोठं भोक पाडून फळी बर्फाखाली सरकवतात, ती तरंगून बर्फाला खालून चिकटते, वरून दोरी ओढली की तरफ बर्फाला रेटा देते आणि फळी एकेक हात पुढे सरकते, दोरी ढिली केली की तरफ परत येते. दोरी घेऊन फळी अशी बर्फाखालून चालत जाते, आणि वरून एक जण कान देऊन टकटक ऐकत तिच्या मागे मागे जातो. हवं तेवढं अंतर झालं की तिथे दुसरं भोक पाडून फळी काढून घ्यायची, आता दोन्ही भोकांमध्ये दोरी आहे, तिला जाळं बांधून ओढून घ्यायचं. झालं. पुढे हिवाळाभर तेच जाळं उपसायचं आणि परत सोडायचं. मासे सोडवताना ते हातमोजे काढतात, कारण ओला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट, आणि बोटं बधिर झाली की भोकातल्या पाण्यात बुडवतात. हवा मायनस तीस, पाणी शून्य, त्यामुळे पाणी कोमट लागतं, मी स्वतः हात घालून बघितलाय.

जाळ्यात व्हाइटफिश येतो, ट्राउट येतो, आणि लोश येतो. लोश म्हणजे बर्बट, कॉडच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा, डोकं बेडकासारखं चपटं, अंग वामासारखं, हनुवटीला एकच मिशी. बाहेरून आलेले लोक त्याला परत टाकतात. आजी मात्र जाळ्यात आधी लोश शोधते, आणि ते त्याच्या मांसासाठी नाही. पोट उघडलं की आत माशाच्या मानाने केवढं तरी मोठं, फिकट सायीच्या रंगाचं काळीज असतं. ती ते उजेडाकडे धरून बघते, डाग असेल, गाठ असेल, तर बाजूला, एकसारखं मऊ असेल तर तव्यावर. तेल घालायचं नाही, ते स्वतःच्याच तेलात शिजतं. मीठ, थोडा कांदा, दोन्ही बाजूंनी सोनेरी कडा, आणि आत लोण्यासारखं. बाजूला व्हाइटफिशची गाबोळी तळलेली. मी कोकणातली गाबोळी खाऊन वाढलेल्या आईची मुलगी आहे, मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

तर काळीज-बिळीज खाते का? हो, खाते. आणि मला यात नवल वाटत नाही, कारण आमच्या घरी बकरं पडलं की वजडी साफ करायला गरम पाण्याची पातेली चढायची, रक्ती व्हायची, मुंडी आणि पाय शेगडीवर भाजून खरवडले जायचे, आणि गुर्दा कोणाच्या ताटात यावर भावंडांत भांडण. इथे डेने लोकांकडे मूस (हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) किंवा कॅरिबू (उत्तरेचं रानटी रेनडिअर) आला की तेच. हृदयाचे पातळ काप करून चरबीवर परततात. जीभ उकडून साल काढतात. नळ्या फोडून आतला गर ब्रेडवर नाहीतर नुसताच. मूसचं नाक हा तर मानाचा पदार्थ, केस जाळून, उकळून, थंड करून कापतात. पातळ पापुद्र्यासारखं मांस कापून धुरावर वाळवतात, त्याला ड्राय मीट म्हणतात, आणि ते चरबीत बुडवून खातात. खुल्या आगीवर असेल तर जेवायच्या आधी पहिला घास आगीला.

चरबी का, हे मला इथे येऊन कळलं. रानातलं जनावर हिवाळ्यात अगदी कोरडं असतं, अंगावर चरबी नाही. नुसतं कोरडं मांस, सशाचं तर विशेषच, पोटभर खाल्लं तरी माणूस खंगत जातो, जुलाब होतात, कारण शरीर प्रोटीनमधून एका मर्यादेपलीकडे ऊर्जा काढू शकत नाही. इंग्रजीत याला सशाची उपासमार अशाच अर्थाचं नाव आहे. म्हणून आतड्याभोवतीची चरबी, पाठीवरचा पट्टा, नळीतला गर, जीभ, काळीज, हे आधी आणि लुसलुशीत मांसाचे तुकडे नंतर, कुत्र्यांनाही चालतील. क जीवनसत्त्वही तसंच, लिंबू नाही, आवळा नाही, पण ताज्या, कमी शिजवलेल्या काळजात ते असतं.

या सगळ्याला एक इतिहास आहे आणि तो इथून फार लांब घडला नाही. ब्रिटिश नौदलाचा जॉन फ्रँकलिन त्याच्या जमिनीवरच्या पहिल्या मोहिमेत इथून उत्तरेला फोर्ट एंटरप्राइजला राहिला होता. परतताना 1821 च्या शरदात त्याची माणसं उपाशी पडली, खडकावरचं दगडफूल आणि जुनी कातडी उकळून खाल्ली, निम्म्याहून जास्त मेली. उरलेल्यांना नोव्हेंबरमध्ये वाचवलं ते यलोनाइव्ह्ज डेनेंचा पुढारी अकैचो याच्या माणसांनी, सुकं मांस आणि चरबी आणून, चूल पेटवून, मासे पकडून खाऊ घालून. त्याच जमिनीवर, त्याच हिवाळ्यात एकांचे हाल आणि दुसऱ्यांचं घर. मोहिमेचं नाव पुस्तकांत फ्रँकलिनचं आहे. मला ते खटकतं, आणि कोणी "बिचारे कसे जगत असतील" म्हणून विचारलं की मी अकैचोची गोष्ट सांगते.

आता काळजीचं. हे खाणं बिनधास्त खायचं असं मी कोणालाही सांगणार नाही. लोशच्या काळजात अ जीवनसत्त्व खच्चून असतं, रोज खायची वस्तू नाही, गरोदर बाईने तर डॉक्टरला विचारूनच. मूसच्या गुर्द्यात आणि काळजात कॅडमियम साठतं, आणि काही भागांसाठी आरोग्य खात्याने किती खावं ते सांगितलंय. आणि यलोनाइफच्या शेजारी जायंट माइन ही सोन्याची खाण होती, 1948 पासून 2004 पर्यंत चालली, तिच्यातली 2,37,000 टन आर्सेनिकची विषारी भुकटी अजून जमिनीखाली आहे. म्हणून गावालगतच्या कित्येक छोट्या तळ्यांतलं पाणी आणि मासे आम्ही घेत नाही. जाळं टाकायला लांब जावं लागतं, आणि ज्यांच्या दारात मासे होते त्या डेट्टाच्या लोकांना हे का सोसावं लागतं याचं उत्तर त्यांना अजून नीट मिळालेलं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कॅरिबूचं तर बोलवत नाही. इथला बाथर्स्ट कळप 1986 मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास होता. 2021 च्या मोजणीत सहा-साडेसहा हजार. कारण एक नाही, हवामान आहे, जंगलातले वणवे आहेत, खाणी आणि रस्ते आहेत, लांडगे आहेत, शिकारही आहे. या कळपाची शिकार आता बंद आहे, आणि ज्यांचं अख्खं जगणं कॅरिबूवर उभं होतं त्यांनी ती सोसलीय. 2016 पासून त्लीचो लोक (हेही डेनेंपैकीच) उन्हाळ्यात कॉन्टवोयटो तळ्यापाशी तंबू ठोकून कळपाच्या मागे पायी फिरतात, वासरं बघतात, नोंदी ठेवतात, हत्यार न उचलता. आजीकडे आता कॅरिबू क्वचित येतो, तोही दुसऱ्या कळपाचा, लांबच्या नातलगाकडून. एक जीभ सात घरांत वाटली जाते. रानातलं मांस इथल्या मोठ्या सुपरमार्केटात मिळतच नाही, ते कोणीतरी तुम्हाला देतं तेव्हाच मिळतं, आणि आधी म्हाताऱ्यांना, मग विधवांना, मग शेजारी, मग आमच्यासारखे. आपल्या हिश्शाला वीतभर ड्राय मीट आलं तरी त्यात किती हात आहेत हे माहीत असतं. मी बदल्यात चकल्या देते, लोणचं देते, आजीला लसणाची चटणी फार आवडते, ती लोशवर घालून खाते.

यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत येऊ नका, मार्चमध्ये या. बर्फ सगळ्यात जाड असतो, दिवस बारा तासांचा झालेला असतो, खाडीत बर्फाचा अख्खा किल्ला बांधतात, पोरं त्याच्यावरून घसरतात, आणि रात्री आकाश मोकळं असेल तर ऑरोराचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे दिवे बहुतेक दिसतातच. कोट-बूट विकत घेण्यात पैसे घालवू नका, इथे भाड्याने मिळतात. येताना लसणाची चटणी आणा, दोन पाकिटं, एक आमच्यासाठी आणि एक पलीकडच्या काठासाठी. तिकीट काढण्याआधी मला फक्त एक मेसेज करा, जाळं कधी उपसणार ते विचारून ठेवते.