बुडावरची रेघ

रविवार, रात्री

झाडलेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पितळी पुंगळ्या अजून टेबलावरच आहेत. बाकीच्या बादलीत गेल्या. या दोन टाकवत नाहीत.

दुपारी नेमबाजीच्या रेंजवर सहा नंबर लेनवाल्या आजोबांनी विचारलं, "या नक्की तुझ्याच ना?" आवाज चढवला नव्हता त्यांनी. मी एक पुंगळी उलटी करून बुडावरची काळी रेघ दाखवली आणि म्हटलं, हो, माझ्याच. त्यांनी आपल्या मुठीतली उलटी केली. तिच्यावरही काळी रेघ. अगदी तशीच, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, बुडाच्या मधोमध बसवलेल्या प्राइमरवरून, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवरून गेलेली. "ठीक आहे," म्हणाले आणि वळले. एवढंच.

ते "ठीक आहे" डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कुणाला त्यांनी असं विचारलं असतं का, असंही गाडीत येताना मनात आलं. ते राहू दे.

काळी रेघ ही काही खूणच नव्हे, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. इकडे ओहायोत रिलोडिंग करणाऱ्या, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्या प्रत्येकाच्या बाकावर काळा शार्पी मार्कर असतो, आणि प्रत्येकाला पहिल्यांदा तीच रेघ सुचते. त्यात दोघांचंही काडतूस ९ एमएमचं. पिस्तूल पुंगळी फेकतं ती उजवीकडे, थोडी मागे, दोन-तीन मीटरवर. उजव्या लेनवाल्याच्या पायाशीच जाते. मी सोलापुरी चादर अंथरते, तरी दहातल्या तीन-चार बाहेर पडतातच. त्यांचं पिस्तूल आणि माझं पिस्तूल, दोघांचं पितळ एकाच सिमेंटवर.

मुळात रेघ मारण्यात काही अवघड नाही. काडतूस भरून, माप तपासून झालं की पन्नास खणांच्या डब्यात गोळीचं तोंड खाली, बूड वर असं लावायचं. कापड स्पिरिटने ओलसर करून बुडांवरून एकदा फिरवायचं, कारण पुंगळीला मापात आणणाऱ्या डायमधून (साच्यातून) येताना लागलेलं वंगण राहिलं तर शाई धरत नाही, बोटाने पुसली जाते. ओलसर म्हणजे ओलसरच. थेंब गळेल इतकं भिजवलं तर द्रव प्राइमरच्या कडेने आत उतरू शकतो. मग ओळीला पट्टी लावून एका ओढीत दहा बुडं. मिनिटभर वाळू द्यायचं, नाहीतर शाई पिस्तुलाच्या ब्रीचवर, म्हणजे बूड टेकतं त्या भागावर उमटते.

रेघ प्राइमरवरून न्यायची ती उगाच नाही. काडतूस झाडलं, जुना प्राइमर काढला, नवा बसवला, की रेघ मधेच तुटते. दोन्ही काठांना शाईची शेपटं आणि मधलं गोल वर्तुळ कोरं. डबा उघडल्यावर रेघ अखंड दिसली तर ती याच भरणीची, तुटलेली दिसली तर मागच्या भरणीची. पुंगळ्या नीट धुतल्या नसतील तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

धुतल्यावर मात्र काहीच उरत नाही. मक्याच्या कणसाच्या भुश्यात कोरडं फिरवलं तर रेघ फिकी होते, पण पुष्कळदा वाचते. ओल्या टंबलरमध्ये पोलादी पिना, साबण आणि चिमूटभर लिंबूफूल घालून दोन तास फिरवलं की पितळ देवघरातल्या समईसारखं लख्ख होतं आणि रेघ जाते. आपल्याकडे पितळेला चिंच लावतात, तसाच आंबटाचा गुण. दर भरणीला नवी रेघ मारावी लागते. एके काळी याचा मला कंटाळा होता. आता वाटतं, जुनी खूण पुसली जाते हेच बरं. जुनी रेघ म्हणजे जुनी माहिती, आणि काडतुसाच्या बाबतीत जुनी माहिती धोक्याची.

रंगांचंही सांगायला हवं. पिवळा आणि नारिंगी पितळेवर दिसतच नाहीत. लाल दिसतो, पण कारखान्याच्या काडतुसांत प्राइमरच्या कडेला पाणी जाऊ नये म्हणून लाखेसारखा थर असतो, तो बरेचदा लाल किंवा हिरवा असतो. घाईत त्याच्याशी गल्लत होते. निळा आणि जांभळा उत्तम. निकेल चढवलेल्या पांढऱ्या पुंगळीवर काळा सगळ्यांत स्पष्ट. नेलपॉलिश काहीजण लावतात, मला ते पटत नाही. त्याला जाडी असते. रिव्हॉल्वरमध्ये पुंगळीचं बूड आणि मागची फ्रेम यांत अगदी बारीक फट असते, पॉलिशचा थेंब तिथे घासला तर सिलिंडर अडकतं. पिस्तुलात पॉलिशचे पापुद्रे निघून पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली साचतात. पुंगळीच्या अंगावर तर शाईही नको, स्टिकरही नको. अंग चेंबरमध्ये जातं, आणि पुढच्या खेपेला साइझिंग डाय त्यावरचं सगळं खरवडून काढते.

आणि ठोकाठोकी कधीच नाही. रिकाम्या पुंगळीच्या बुडावरही पंच मारला तर प्राइमरचा खळगा वाकडा होतो. भरलेल्या काडतुसावर पंच, कानस, कोरणी काहीही लावणं म्हणजे प्राइमरला आमंत्रण.

हे सगळं मी लिहितेय, आणि नजर त्या दोन पुंगळ्यांवर आहे.

घरी आल्यावर चादर झटकली, पुंगळ्या मोजल्या. १५० झाडल्या होत्या, १४३ परत आल्या. मग भिंग घेऊन बसले. पुरावा हवा होता म्हणून बसले, हे लिहून ठेवते. मला बरोबर ठरायचं होतं.

पुंगळीवर एक खूण अशी असते जी कुणी मारत नाही. ती पिस्तूल मारतं. फायरिंग पिन प्राइमरवर आदळते तिथे खळी पडते, आणि प्रत्येक पिस्तुलाची खळी वेगळी. माझ्या सीझेड पिस्तुलाची गोल, वाटीसारखी. जुन्या ग्लॉकची तशी नसते. तिथे पिनचं भोक चौकोनी लांबट असतं, त्यामुळे प्राइमरवर आयताकृती ठसा उठतो आणि त्यात उभी लांब खळी. एकदा पाहिली की विसरत नाही. बरोबर प्रकाशात धरली तर भिंगही लागत नाही.

१४१ गोल. दोन आयताकृती.

आजोबांच्या हातात दुपारी जुनं ग्लॉक होतं.

हे मला तिथेच, लेनवर, दिसू शकलं असतं. पुंगळी त्यांच्यापुढे उलटी धरली तेव्हा खळी त्यांना दिसत होती आणि मलाही. मी रेघेकडे बोट दाखवत होते. किती ठाम होता माझा आवाज! "हो, माझ्याच." विचारणाऱ्याला शंका होती आणि मला नव्हती, आणि चूक माझी होती. दोन पुंगळ्यांची किंमत काय, काही सेंट. सलतं ते सेंटांचं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा सांगितलं. तो कोल्हापुरात लहान पॉइंट टू-टू काडतुसाची नेमबाजी करतो, त्याला हे सगळं नवलाचं. "मोकळ्या पुंगळ्यांपायी एवढं गं?" त्याचंही बरोबर आहे. टू-टू रिमफायरमध्ये पेटणारं रसायन काठाच्या घडीतच भरलेलं असतं, काठ चेपला की संपलं. ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही, म्हणून ती कुणाची हा प्रश्नच उठत नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला कांस्य घेतलं, तेही याच टू-टूवर. तिथे पुंगळी म्हणजे कचरा. आमच्यात पुंगळी म्हणजे भांडं. घासायचं, पुसायचं, पुन्हा भरायचं.

भांडं म्हटल्यावर आजीची परात आठवली. काठावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव, खाली गाव. कार्याला चार घरची पितळी भांडी एकत्र व्हायची आणि दुसऱ्या दिवशी अंगणात नावं वाचून वाटणी व्हायची. ते नाव ठोकलेलं असायचं, चिंचेने जाणारं नव्हतं. पुंगळीवरही ठोकलेलं नाव असतं, पण ते बनवणाऱ्याचं. एल सी आणि पुढे दोन आकडे म्हणजे लेक सिटी, मिझुरीतला १९४१ पासूनचा कारखाना, आणि आकडे म्हणजे वर्ष. मागे एकदा रायफल लेनच्या कडेला सेव्हन-सिक्स्टीटू रायफलची एक जुनी पुंगळी सापडली, बुडावर ओ एफ व्ही. वरणगावच्या दारूगोळा कारखान्याची! वरणगाव म्हणजे भुसावळच्या शेजारचं. ती मी भरली नाही, भरणारही नाही. खिडकीत आहे. के एफ लिहिलेली, खडकीची, एकदा मिळावी अशी फार इच्छा आहे.

बनवणाऱ्याचं नाव कायमचं, भरणाऱ्याचं शाईचं. हे मला कुठेतरी अन्यायाचं वाटत आलंय. पण आज रात्री उलटसुलट विचार करताना जाणवलं की मी त्या शाईकडून भलतंच काही मागत होते. पुंगळी कुणाची हे सांगणं तिचं दुय्यम काम. आत काय आहे हे सांगणं खरं काम.

थ्री हंड्रेड ब्लॅकआउट या रायफलच्या काडतुसाचंच घ्या. ती पुंगळी टू-टू-थ्री या दुसऱ्या रायफल काडतुसाची मान-खांदा कापून बनवता येते आणि पुष्कळजण बनवतात. कापल्यावरही बुडावरची ठोकलेली अक्षरं टू-टू-थ्रीचीच राहतात. म्हणजे कायमचं नाव खोटं बोलतं. असं एक काडतूस चुकून टू-टू-थ्रीच्या रायफलीत गेलं आणि बोल्ट बंद होऊन ते झाडलं गेलं, तर जाड गोळी बारीक नळीत शिरू शकत नाही आणि रायफल फुटू शकते. तिथे वाचवते ती शाईच. म्हणून ब्लॅकआउटची सगळी बुडं मी पूर्ण जांभळी रंगवते, डबा वेगळा, मॅगझिनलाही जांभळा पट्टा, आणि टू-टू-थ्रीच्या दिवशी तो डबा घरातून निघत नाही. इथे मी कधी चुकले नाही. ९ एमएमला मात्र काळी रेघ, कारण ती "फक्त ओळखीसाठी".

वही उघडली. १२४ ग्रेन वजनाची गोळी, काळी रेघ. १४७ ग्रेनची, तीही काळी रेघ, डबा वेगळा म्हणून चालून जातं असं मी मार्चमध्ये लिहिलंय. चालून जातं! डबा पडला, दोन डबे एकत्र झाले, तर कोणती कोणती हे तराजूवर एकेक टाकल्याशिवाय कळणार नाही. आजोबांनी विचारलं नसतं तर हे वहीत तसंच राहिलं असतं.

तर आता बदल. १२४ ला निळी एक रेघ. १४७ ला निळ्या दोन, समांतर, प्राइमरच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या. शिवाय एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत हिरवा, कारण जमिनीवर आडवी पडलेली पुंगळी बूड दाखवत नाही, खाच दाखवते, आणि उभ्याने नजर टाकली तरी ओळखू येते. खाच रंगवताना चपट्या टोकाचा मार्कर स्थिर धरून काडतूस बोटांनी फिरवायचं. रिकामी पुंगळी ड्रिलच्या चकमध्ये धरून फिरवतात, पटापट होतं, पण भरलेलं काडतूस कधीही मशीनमध्ये धरायचं नाही. शंभराला वीसेक मिनिटं लागतील. वहीच्या पहिल्या पानावर रंगांचा तक्ता, आणि प्रत्येक डब्यात चिठ्ठी: तारीख, दारू, वजन, गोळी, प्राइमर, एकूण लांबी, रंग. चिठ्ठीशिवाय रंग म्हणजे नुसता रंग.

आणि प्राइमर काढण्याआधी खळ्या बघायच्या. प्राइमर निघाला की ती खूण कचऱ्याच्या डब्यात जाते आणि मग कुणाची कोणती हे सहज सांगता येत नाही. आज मी सवयीप्रमाणे आधी प्राइमर काढायच्या प्रेसवर बसले असते तर या दोन कायमच्या माझ्या झाल्या असत्या, आणि मी बरोबर होते असंच समजून झोपले असते.

झोप येत नाहीये, पण दुपारसारखं आता वाटत नाही. त्यांनी विचारलं, ते बरोबर होतं. मला वाईट वाटलं, तेही खरं. दोन्ही राहतील.

अकरा वाजून गेले. पन्नास निळ्या झाल्या, वाळतायत. त्या दोन एका छोट्या डबीत घातल्या, प्राइमर न काढता, न धुता. चादरीबरोबर पिशवीत ठेवल्यात. ते रविवारी दहाला येतात.