बाळंतपणानंतरचे काळेनिळे डाग : माझा अनुभव

बाळाला सव्वा महिना होऊन गेला आणि माझ्या मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. मालीशवाल्या मावशींचा हात जड आहे, असं आईचं म्हणणं. मालीश बंद केली, तरी दंडावर, पोटावर डाग येतच राहिले. दवाखान्यातल्या सिस्टरने नवऱ्याला बाहेर पाठवून हळूच विचारलं, "घरी कुणी हात उचलतं का?" मला राग नाही आला. तिने विचारायलाच हवं होतं.

प्लेटलेट्स नॉर्मल आल्या म्हणून सगळे निर्धास्त. अशक्तपणासाठी कमरेत लोहाचं इंजेक्शन दिलं आणि रात्रीतून तिथे रक्त साकळून नारळाएवढी गाठ आली. कूस बदलवेना, हिमोग्लोबिन घसरलं. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

तिथे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन तपासण्या झाल्या. पीटी नॉर्मल, एपीटीटी मात्र खूप वाढलेला. रक्तविकारतज्ज्ञ मॅडमनी तो एकच आकडा धरून ठेवला. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर हा रिपोर्ट चुकतो, म्हणून रक्त पुन्हा समोर उभं राहून काढून घेतलं. मग माझा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, निरोगी माणसाच्या प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळला. रक्त गोठवणाऱ्या घटकाची नुसती कमतरता असती तर गोठण्याची वेळ सुधारून तशीच टिकली असती. माझी ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर पुन्हा लांबली. म्हणजे माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडी फॅक्टर ८ हा रक्त गोठवणारा घटक निकामी करत होत्या.

अक्वायर्ड हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा, नंतर जडलेला आजार. हिमोफिलिया जन्मापासून आणि मुलग्यांना होतो, एवढंच आम्हाला ठाऊक. हा वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो, बाळंतिणींना तर त्याहून क्वचित.

फॅक्टर ८ दिला तरी अँटिबॉडी तो निकामी करणार, म्हणून त्याला वळसा घालून रक्त गोठवणारा फॅक्टर ७ शिरेतून, सुरुवातीला दर काही तासांनी. महागडं औषध; सासऱ्यांनी एफडी मोडली. अँटिबॉडी दाबायला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या. अंगावर पाजत होते म्हणून सायक्लोफॉस्फमाइड हे त्यासाठीचं दुसरं औषध टाळलं. चेहरा फुगला, झोप उडाली. पण बाळ रात्री तसंही झोपू देत नव्हतंच.

आता गोळ्या हळूहळू कमी करताहेत. आजार उलटू शकतो, म्हणून एपीटीटी आणि फॅक्टर ८ची तपासणी चालूच आहे. कमरेत इंजेक्शन नाही, ॲस्पिरिन-ब्रुफेन नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी भेटा, असं मॅडमनी बजावलंय. तूर्त तो विषय फक्त सासूबाई काढतात.