हाताचं काय करायचं

राणीबागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर तो दगडी हत्ती आहे ना, त्याच्यासमोर परवा भर दुपारी एक अख्खं खटलं ग्रुप फोटोसाठी उभं होतं. आजी मधोमध, सुना कडेला, पोरं पुढ्यात उकिडवी. फोनवाला मुलगा ओरडतोय, "काका, हात नीट ठेवा ना!" आता नीट म्हणजे कुठे? काकांनी हाताची घडी घातली, सोडली, मागे नेले, खिशात घातले आणि शेवटी पुढच्या पोराच्या डोक्यावर ठेवले. पोरगं वैतागलं, फोटो निघाला.

मला खोडच आहे, ग्रुप फोटो दिसला की मी आधी हात बघते. चेहऱ्यांचं काय, ते सगळे साळसूदच असतात.

हत्तीला हा प्रश्न नाही म्हणा, पण त्याचेही हाल कमी झालेले नाहीत. मूळचा घारापुरीचा, 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तर उचलतानाच खाली पडून तुकडे झाले, मग कधीतरी 1914 मध्ये ते तुकडे जोडून याला उभा केला. आता येईल त्या कुटुंबाच्या फोटोत असतो बिचारा, बहुतेक वेळा सोंड कापलेली.

ज्यांचं नाव म्युझियमला आहे त्या भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी, तेही डॉक्टर आणि वर फोटोग्राफीचे शौकीन. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या काळातली ही मंडळी. तेव्हा काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो, काही सेकंद हलायचं नाही, मान डुगडुगू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकूसुद्धा लावायचे. म्हणजे त्या जुन्या फोटोंत खुर्चीच्या पाठीवर, टेबलावर, जाडजूड पुस्तकावर जो रुबाबात ठेवलेला हात दिसतो ना, त्यात रुबाब किती आणि आधार किती देव जाणे. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं, एवढ्या पगडीवाल्या लोकांनाही हाताचं काय करायचं ते कोणीतरी सांगावं लागत होतं.

आमच्या गावी स्टँडजवळ स्टुडिओ होता. मागे पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, आणि बाहेरच्या खोलीत आरसा, पावडरचा डबा आणि सगळ्या गावाच्या तेलाचा एकच कंगवा. आजोबा खुर्चीवर, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, आत्ता उठून कोणाला तरी झापतील असे. आत्यानं नवीन मनगटी घड्याळ घेतलेलं, ते दिसलंच पाहिजे म्हणून तिनं हात पोटावर असा आडवा धरला की फोटोग्राफर दोनदा म्हणाला, "ताई, पोटात दुखतंय का?" तिनं तसूभर हलवला नाही. घड्याळात किती वाजलेत तेही फोटोत वाचता यायचं, चार दहा. आईचा हात दिसत नव्हता कारण तो मागून माझ्या फ्रॉकच्या पट्ट्यात होता, मी पळू नये म्हणून. धाकटा काका मात्र फोटोतच नव्हता, खुर्चीशेजारी उभं करणार नाहीत म्हटल्यावर तो रुसून बाहेर जाऊन बसलेला, असं आई सांगते. काकू म्हणते साफ खोटं, तो होता.

हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याला कारण आजोबा. ते गेले तेव्हा हार घालायला त्यांचा एकट्याचा फोटोच सापडेना. एवढं मोठं घर, आणि माणसाचा एकट्याचा एक फोटो नाही. मग हाच ग्रुप फोटो नेला, कापून मोठा करून आणला, रात्रीत फ्रेम केली. आजोबा छान आलेत, पण डाव्या खांद्यावर कोणाची तरी तीन बोटं राहून गेलीत. काकू म्हणते काकाचीच. आई म्हणते, काकानं जन्मात अंगठी घातली नाही, आणि त्यातल्या एका बोटात अंगठी आहे. मूळ फोटो त्या कापाकापीत गेला तो गेलाच.