केजीएफला जाताय? आधी कागद वाचा, मग गाडी पकडा

सिनेमा बघून केजीएफला, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणींच्या गावाला, निघालात तर पदरी निराशाच येईल हे आधीच सांगतो. खाणी २८ फेब्रुवारी २००१ला बंद झाल्या, आत जाता येत नाही, बघायला उरलेत ते शाफ्टवरचे (खाणीत उतरायच्या खोल उभ्या विहिरींवरचे) गंजके लोखंडी सांगाडे, साहेबांचे बंगले, कामगारांच्या घरांच्या लाइनी आणि सायनाइड डम्पचे, म्हणजे सोनं काढून उरलेल्या चुऱ्याचे, राखाडी डोंगर. पण खाणींचा आणि खाणवाल्या माणसांचा इतिहास खणायचा असेल तर सोनंच आहे, फक्त आधी घरी बसून होमवर्क करा, नाहीतर समोर काय उभंय तेच कळत नाही.

होमवर्क म्हणजे निदान एवढं. १८०२मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरनने या भागात माती धुवून सोनं काढणारे गावकरी बघितले आणि लिहून ठेवलं. ते वाचून मायकेल लॅव्हेल नावाचा रिटायर्ड आयरिश सैनिक १८७१च्या सुमारास बैलगाडीने इकडे पोचला, १८७५मध्ये म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला, पण भांडवल नव्हतं म्हणून हक्क दुसऱ्यांकडे गेले (बंगळुरूचा लॅव्हेल रोड याच्याच नावाचा). खरा पैसा आणि यंत्रं आली ती १८८०ला लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी उतरल्यावर. १९०२ला कावेरीवरच्या शिवनसमुद्रच्या वीजकेंद्राहून सुमारे १४८ किलोमीटर तारा ओढून इथे वीज आणली, बंगळुरू शहराला ती १९०५ला मिळाली, म्हणजे बघा वजन कोणाचं होतं!

जुने रिपोर्ट आणि पेपर आता बरेच ऑनलाइन सापडतात. टीप: इंग्रजीत शोधताना उरगाम, मारिकुप्पम या इथल्या ठिकाणांच्या नावांची सगळी चित्रविचित्र स्पेलिंगं टाकून बघा, साहेबांनी वाट्टेल तशी लिहिलीत. बंगळुरूच्या सरकारी अभिलेखागारात जायचं असेल तर परवानगीचं आधी विचारून ठेवा आणि ओळखपत्र जवळ असू द्या.

जायला बंगळुरूहून लोकल गाडी बेस्ट. बंगारपेटनंतर कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम अशी स्टेशनं लागतात, नावंच खाणींची. सकाळची गाडी धरा, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. गावात तमिळ जास्त चालते, कारण कामगार बहुतेक तमिळ मुलखातून आणलेले, मोडकं हिंदी-इंग्रजी चालून जातं.

ख्रिश्चन दफनभूमीत वेळ काढा. ट्रे- किंवा पेन- ने सुरू होणारं आडनाव दिसलं की समजायचं, माणूस बहुधा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, तिथले खाणकामगार इथे पुष्कळ आले होते. नाव, साल, मजकूर सगळ्याचा फोटो घ्या, तिरप्या उन्हात अक्षरं नीट उठतात. पण दगडावर नाव कोरलेले बहुतेक साहेबच, खाली घाम गाळणाऱ्यांचं काय? १९३०चा मोठा संप अंगठ्याचे ठसे घेण्यावरून झाला, तो कागदांत आहे, पण संपवाल्यांची नावं शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं.

म्हणून रिटायर्ड कामगारांशी बोला, हे काम कागद करू शकत नाही. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी ‘एअर ब्लास्ट’ म्हणजे काय ते सांगितलं: खोल खाणीत दाबाने खडक अचानक फुटायचा, वर घरात फळीवरची भांडी खणखणायची आणि बायका कामं टाकून शाफ्टकडे धावायच्या. सांगताना त्यांनी स्टीलचा ग्लास टेबलावर बोटांनी कडकड हलवून दाखवला. घाई करू नका, चहाचे पैसे तुम्हीच द्या, रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. आणि सालं त्यांच्याकडून घेतली तरी कागदावर ताडून बघा, आठवणीत वर्षं मागेपुढे होतातच.

आपल्या मुंबईकरांसाठी एक खास: १९६५ला इथल्या चॅम्पियन रीफ खाणीच्या पोटात, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहमवाल्या शास्त्रज्ञांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो (कशातूनही सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) पकडले होते. सोन्याच्या खाणीत फिजिक्स! गावात याचा बोर्ड मला तरी कुठे दिसला नाही.

बाकी डम्पवर चढू नका, वारा सुटला की ती धूळ नाकातोंडात जाते, मास्क ठेवाच. कुंपणाच्या आत घुसू नका, उघडे शाफ्ट म्हणजे जिवाशी खेळ, आणि जमीन अजून भारत गोल्ड माइन्सच्या (खाणी चालवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) ताब्यात असल्याने फोटो काढण्याआधी गार्डला विचारलेलं बरं. जेवणासाठी रॉबर्टसनपेटचा बाजार गाठा, दुपारनंतर गेलात तर बिर्याणी संपलेली असते.