फॉर्ममधला स्थानिक पालकाचा रकाना आणि मी

पुण्यात बीएस्सीला प्रवेश कसा मिळाला, यात सांगण्यासारखं काही नाही. यादीत नाव आलं, फी भरली, झालं. छळलं ते मुलींच्या वसतिगृहाच्या फॉर्ममधल्या एका रकान्याने: स्थानिक पालकाचं नाव, पत्ता, सही. आम्ही जिंतूरचे, पुण्यात आमचं कुणी नाही. खिडकीमागच्या बाईंना ते पटेचना. "असं कसं? काका, मामा, आत्या, कुणीतरी असतंच की!" नाही ना बाई. असतं तर वसतिगृह कशाला मागितलं असतं?

पप्पांनी फोनाफोनी करून शेजाऱ्यांचे साडू शोधून काढले. ते चाकणला कंपनीत कामाला. आधारवर पत्ता गावाकडचा, म्हणून भाडेकरार जोडला. तो चालेना. मग म्हणे स्थानिक पालकांनी स्वतः यायचं, आणि खिडकी उघडी फक्त अकरा ते एक. त्या माणसाने मला कधी पाहिलंही नव्हतं, तरी बिचारे खाडा करून आले. त्या दिवशी बाई रजेवर! शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "ते काम माझ्याकडे नाही." साडूंना पुन्हा बोलवायला माझी जीभ रेटेना.

(फॉर्मसोबत काय काय लागतं ते खिडकीवर तोंडी विचारू नका. सूचनाफलकावरच्या कागदाचा फोटो काढून ठेवा. तोंडी उत्तर दर वेळी बदलतं.)

तोवर मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहत होते. पहिल्या वर्षापासूनच एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी, असं घरी ठरलेलं. त्यामुळे कॉलेज सुटलं की थेट अभ्यासिका, रात्री दहापर्यंत. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचं नावसुद्धा कळलं नाही. पेन पडलं तरी चार माना वळायच्या.

एनएसएसमध्ये (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव घातलं ते समाजसेवेच्या ओढीने वगैरे नाही. त्या टेबलासमोर रांग नव्हती, एवढंच. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. पहिल्याच शनिवारी टेकडीवर खड्डे खणताना टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, एक लातूरकर ताई म्हणाली, "जेवतेस कुठं?" पुण्यात हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मग मी जेवणापासून त्या रकान्यापर्यंत सगळं सांगत सुटले.

ती हसली. तिचंही तिथेच अडलं होतं. "खिडकीशी वाद घालू नको, रेक्टर मॅडमच्या नावाने अर्ज लिही," म्हणाली आणि मला तिच्या मेसवाल्या काकूंकडे घेऊन गेली. काकूंनी आधार आणि लाइट बिल पिशवीत टाकलं, पोळ्यांचं सुनेला सांगितलं आणि निघाल्या.

खिडकीवर प्रश्न आला, "नातं काय?"

"जेवायला वाढते," काकू म्हणाल्या.

"तसं चालत नाही."

मग आम्ही वर रेक्टर मॅडमकडे, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला, काकूंना बसायला सांगितलं आणि सही केली. ही वाट त्या बाईंना ठाऊक नव्हती असं मला अजूनही वाटत नाही.

त्याच ताईने एकदा विचारलं, "तुझं वय काय गं?" अठरा. राज्यसेवेला किमान १९ वर्षं लागतात आणि वर पदवीही. शिवाय मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहायची, झालेली, आणि मी मात्र कुणाच्या तरी जुन्या नोट्समधले पर्याय घोकत होते. पुढच्या महिन्याचे अभ्यासिकेचे पैसे भरलेच नाहीत. पप्पा काही दिवस फोनवर फक्त आईशीच बोलायला लावायचे. आता फिजिक्सची जर्नल्स वेळेवर जातात, संध्याकाळी कॉलेजच्या लायब्ररीत बसते आणि रोज एक पान स्वतःच्या शब्दांत लिहिते. परीक्षेचं पुढे बघू.

अजून एक राहिलं. एनएसएसची नोंदणी सुरुवातीलाच करा, नंतर जागा भरतात. आणि आमचं शिबिर ऐन थंडीत होतं, झोपायला शाळेची फरशी. सतरंजी घरूनच न्या.